खोलीबाहेरची उष्णता

१९ जून २०२४ च्या पहाटे चारच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या मागील फाटकावरील सुरक्षारक्षक खुर्चीवरून खाली कोसळलेला आढळला. दुधाचा टेम्पो घेऊन आलेल्या चालकाने फाटक उघडण्यासाठी बराच वेळ भोंगा वाजवला, कुणी येईना म्हणून तो स्वतःच आत डोकावला आणि मग त्याने आरडाओरड केली. तिसऱ्या मजल्यावरील निवृत्त डॉक्टर धावत खाली आले. त्यांनी त्या तरुणाला ओल्या चादरीत गुंडाळले, कुणीतरी आणलेला टेबल पंखा त्याच्याकडे वळवला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत ते चादरीवर पाणी शिंपडत राहिले. तो वाचला. दोन दिवस रुग्णालयात आणि पंधरा दिवस बुंदेलखंडातील आपल्या गावी काढून तो कामावर परतला. वय वर्षे सव्वीस.

त्या रात्री दिल्लीच्या सफदरजंग केंद्रावर नोंदले गेलेले किमान तापमान ३५.२ अंश सेल्सिअस होते. हे दुपारचे तापमान नव्हे, रात्रीतील सर्वांत थंड क्षणाचे. त्याच दिवशी दुपारी दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॅट या तोवरच्या सर्वोच्च पातळीवर पोहोचली. दोन्ही आकडे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत वेगवेगळ्या पानांवर छापून आले. मला मात्र ते एकाच घटनेचे दोन भाग वाटले, कारण त्या सकाळी मी मागील फाटकापाशी उभा राहून एक साधी मोजणी केली होती.

रक्षकाची केबिन सहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि पत्र्याच्या छताची. तिच्या मागच्या भिंतीवर, पहिल्या मजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत, वातानुकूलन यंत्रांची बाहेरची युनिटे ओळीने बसवलेली आहेत. ती चौदा होती. सगळ्यांची तोंडे केबिनच्या दिशेने. त्यांतील दोन माझ्या घराची.

मी सेवेत असताना अनेक चौकशी अहवाल लिहिले. अपघाताच्या चौकशीत 'जबाबदारी निश्चित करणे' हा एक परिच्छेद असतो आणि तो लिहिताना अधिकाऱ्याची लेखणी सर्वांत सावध होते. या प्रकरणात कुणीही चौकशी नेमली नाही. रहिवाशांच्या व्हॉट्सॲप गटावर दिवसभर हळहळ व्यक्त झाली, वर्गणी निघाली आणि संध्याकाळपर्यंत केबिनसाठी एक कूलर आला. तो चांगलाच उपाय होता. पण चौदा यंत्रांबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही. मीही नाही.

एसी खोली थंड करतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो उष्णता नाहीशी करत नाही, तो ती खोलीतून उचलून बाहेर टाकतो आणि ते करताना जी वीज खर्च होते, तिची उष्णताही त्यात मिसळतो. म्हणजे आत जितका गारवा निर्माण होतो, त्याहून अधिक उष्णता बाहेर पडते. अमेरिकेतील फिनिक्स या वाळवंटी शहराचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास असे सांगतो की, एसीच्या वापरामुळे रात्रीच्या वेळी तेथील काही भागांतील हवा एक अंशापर्यंत अधिक तापते. हा झाला स्थानिक परिणाम. दुसरा परिणाम विजेच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला घडतो. आपल्या देशातील विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश अजून कोळशातून येते आणि सगळे स्रोत जमेस धरले तरी एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो वायू ना दिल्लीपुरता राहतो, ना उन्हाळ्यापुरता.

इतिहासाचा विद्यार्थी असल्याने मला या बाबतीत एक जुनी सवय नडते. कोणतीही सोय पाहिली की, तिची किंमत पूर्वी कोण चुकवत होते हे मी शोधू लागतो. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फज्लने सोऱ्याच्या साहाय्याने पाणी गार करण्याची रीत नोंदवली आहे आणि दरबार लाहोरला असताना डोंगरांतून बर्फ कसा आणला जाई, याचाही तपशील दिला आहे. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी शिंपडून दालने थंड करण्याची प्रथा त्या काळात रुळलेली होती. पाणी शिंपडणारे हात अर्थात पडद्याच्या बाहेर, उन्हात असत. इंग्रजांनी १८६४ पासून उन्हाळ्यापुरते अवघे सरकारच सिमल्याला हलवले. फायली, कारकून, तिजोऱ्या, सगळे डोंगर चढून जाई आणि ते ओझे वाहणारा हमाल त्या गारव्याचा लाभार्थी नसे. उरलेल्या मैदानी हिंदुस्थानात साहेबांच्या झोपेसाठी व्हरांड्यात बसून पंख्याची दोरी ओढणारा माणूस असे. तो दिसत तरी होता. आमच्या चौदा यंत्रांची दोरी कोण ओढत होते, ते त्या पहाटेपर्यंत आम्हांला दिसले नव्हते.

माझ्या नोकरीची पहिली काही वर्षे मराठवाड्यात गेली. तेथील जुनी माळवदाची घरे मी पाहिली आहेत. जाड मातीच्या छताखाली मे महिन्याच्या दुपारीही माणूस शांत झोपू शके. माझ्या सरकारी निवासस्थानाच्या खिडक्यांना वाळ्याचे ताटे लावलेले असत आणि सायंकाळी त्यांवर पाणी मारले की दिवाणखान्यात पहिल्या पावसासारखा वास पसरे. हे मी स्मरणरंजन म्हणून सांगत नाही. माळवदाला दरवर्षी डागडुजी लागते, पावसाळ्यात ते गळते आणि गाझियाबादमधील बाराव्या मजल्यावर माळवद घालता येत नाही. शिवाय ४५ अंशांत वृद्ध, बालके आणि आजारी माणसे यांना एसीशिवाय राहा असे सांगण्याचा नैतिक अधिकार निदान माझ्यापाशी नाही. उष्णतेने माणसे मरतात. सरकारच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्याचा अंदाज असा आहे की, २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची शीतकरणाची गरज सुमारे आठपट होईल. ती गरज खरी आहे. ज्यांच्याकडे आज काहीच नाही, त्यांच्या घरी गारवा पोहोचायचा असेल, तर ज्यांच्याकडे तो गरजेहून अधिक आहे त्यांनी आपला वापर तपासणे एवढाच मुद्दा आहे.

म्हणून त्या जुलै महिन्यात मी जुन्या सवयीप्रमाणे एक फाईल उघडली आणि स्वतःच्या घराचा हिशेब मांडला. आम्ही दोघेच राहतो, पत्नी आणि मी. वर्षभराची वीज ५,४०० युनिट, म्हणजे सुमारे ३.८ टन कार्बन डायऑक्साइड. गाडीचे पेट्रोल ६०० लिटर, एका लिटरमागे २.३ किलो धरल्यास सुमारे १.४ टन. स्वयंपाकाचा गॅस जेमतेम एक तृतीयांश टन. इथपर्यंत आकडे मला फारसे भयंकर वाटले नाहीत. मग मी विमानप्रवास लिहिला. आमची मुलगी टोरंटोला असते आणि दरवर्षी आम्ही दोघे तिच्याकडे जात होतो. दिल्ली ते टोरंटो आणि परत, एका माणसामागे सुमारे दोन टन. दोघांचे चार. एकूण बेरीज साडेनऊ टनांच्या घरात गेली, म्हणजे माणशी पावणेपाच टन. भारताची दरडोई सरासरी साधारण दोन टन आहे. हवामान परिषदांच्या वेळी आपण ती सरासरी अभिमानाने पुढे करतो आणि ते योग्यही आहे, कारण अमेरिकेची दरडोई सरासरी चौदा टनांच्या आसपास आहे. पण त्या दोन टनांच्या सरासरीमागे एक पंखा आणि एक दिवा असलेला माझा सुरक्षारक्षक उभा असतो, आणि त्याच्या आडोशाला मी उभा असतो.

या हिशेबाचा एक फायदा असा झाला की, कोणत्या गोष्टीवर शक्ती खर्च करावी हे कळले. चार्जर सॉकेटमधून काढून ठेवावा की नाही यावर आमच्या घरात पूर्वी वाद होत. त्याने होणारी बचत नगण्य आहे. आता आम्ही त्यावर भांडत नाही.

पहिली पाळी एसीचीच होती. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्यानुसार तापमान एक अंशाने वाढवले की विजेत सुमारे सहा टक्के बचत होते. १ जानेवारी २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या तारांकित खोली-एसींना सुरू होताना २४ अंशांवरच यावे लागते. आमचा रिमोट मात्र वर्षानुवर्षे २१ वर स्थिरावलेला होता, आणि वर रात्री दुलई. हा अविवेक घरापुरता नव्हता. एका कार्यालयात मी मे महिन्याच्या बैठकांना कोट घालून बसत असे आणि माझ्या एक सहकारी खुर्चीच्या पाठीवर कायमची शाल ठेवत. जपानने २००५ मध्ये 'कूल बिझ' नावाची मोहीम सुरू केली, उन्हाळ्यात कार्यालयांचे तापमान २८ अंश ठेवायचे आणि टाय-कोट बाजूला ठेवायचा. त्यांच्याहून कितीतरी उष्ण देशात आपण अजून बंद गळ्याच्या कोटासाठी कोळसा जाळतो.

आता आमच्या घरी एसी २६ वर असतो आणि सोबत पंखा. पंखाही बदलला. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, नव्या ब्रशलेस मोटरचा पंखा ३० ते ३५. पाच पंखे, दिवसाला सरासरी दहा तास, वर्षातले आठ महिने, एवढ्यावर जवळजवळ ४८० युनिट वाचतात. पंख्यासारख्या क्षुल्लक वस्तूत एवढे काही दडलेले असेल असे मला वाटले नव्हते. पत्नीची तक्रार एवढीच की, त्याच्या रिमोटची भर पडल्याने टेबलावर आता चार रिमोट झाले.

परंतु एसीबाबत सर्वांत महत्त्वाची गोष्ट विजेची नाहीच, ती आतल्या गॅसची आहे, आणि सुशिक्षित मंडळींनाही तिची कल्पना नसते. जुन्या यंत्रांत आर-२२, नंतरच्यांत आर-४१०ए, हल्लीच्या बहुतेकांत आर-३२ आणि काही मोजक्यांत आर-२९० हा वायू असतो. शंभर वर्षांच्या कालावधीत कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत आर-२२ सुमारे १,८०० पट, आर-४१०ए सुमारे २,१०० पट आणि आर-३२ सुमारे ६७५ पट तापमानवाढ घडवतो. आर-२९० म्हणजे प्रोपेन, त्याचा परिणाम नगण्य. दीड टनाच्या एका यंत्रात साधारण किलोभर वायू असतो. आर-४१०ए चा तो किलोभर वायू हवेत सुटला, तर दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. विजेत मोजायचे तर सुमारे तीन हजार युनिटे. माझी सगळी काटकसर एका फुटक्या नळीतून अर्ध्या तासात निघून जाऊ शकते.

आणि ती जाते. दर मार्चमध्ये सर्व्हिसिंगला येणारा कारागीर "साहेब, गॅस कमी झालाय, भरून देतो" असे म्हणतो आणि आपण मान डोलावतो. वस्तुतः हा वायू बंद नळ्यांत फिरत असतो, पेट्रोलसारखा तो संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय पुन्हा गॅस भरणे म्हणजे छिद्र असलेल्या घागरीत पाणी ओतणे. यंत्र एका भिंतीवरून दुसरीकडे हलवायचे असेल, तर आधी व्हॉल्व्ह बंद करून सगळा वायू बाहेरच्या युनिटमध्ये साठवून घ्यायचा असतो. जाणता कारागीर हे काही मिनिटांत करतो, घाईतला कारागीर नळी सैल करतो आणि फुस्स असा आवाज येतो. तो आवाज मी ऐकलेला आहे. २०१६ मध्ये माझा जुना आर-२२ चा एसी मी भंगारवाल्याला विकला, तेव्हा त्याने माझ्या डोळ्यांदेखत बाल्कनीतच तांब्याची नळी कापली. तांब्याला भाव होता, वायूला नव्हता. मी त्याला सुटे पैसे शोधून दिले आणि दार लावून घेतले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये रवांडाची राजधानी किगाली येथे आर-४१०ए आणि आर-३२ यांसारखे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा करार झाला. भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला असून आपल्याकडील प्रत्यक्ष कपात पुढील दशकांत व्हायची आहे. तोवर आणि त्यानंतरही, लाखो घरांच्या भिंतींवर असलेला हा वायू तिथेच राहील की हवेत जाईल, हे ठरवणारा प्रश्न एवढाच की, आपण कारागिराला "गळती कुठे आहे?" असे विचारतो का आणि ती शोधण्याचे जादा पैसे देतो का.

आमच्या बाल्कनीतून गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर दिसतो. दिल्लीत येणाऱ्या पाहुण्यांना मी कुतुबमिनार दाखवतो तेव्हा त्याची उंची ७३ मीटर सांगतो. गाझीपूरचा डोंगर एकेकाळी ६५ मीटरपर्यंत पोहोचला होता. १९८४ मध्ये ही जागा कचऱ्यासाठी वापरात आली, २००२ मध्ये तिची क्षमता संपली आणि त्यानंतरही कचरा पडतच राहिला. १ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचा कडा कोसळून दोघांचा जीव गेला. एप्रिल २०२४ मध्ये तो पेटला, तेव्हा आमच्या घराच्या खिडक्या कित्येक दिवस बंद होत्या. डोंगर पेटतो कारण त्याच्या पोटात हवेविना कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन तयार होत असतो. हा वायू वातावरणात कार्बन डायऑक्साइडइतका टिकत नाही, पण वीस वर्षांच्या हिशेबात त्याच्याहून सुमारे ऐंशीपट तापदायक ठरतो. आपल्या शहरी कचऱ्याचा साधारण निम्मा भाग हा असा ओला, स्वयंपाकघरातला असतो.

आमची सोसायटी उत्तर प्रदेशात, त्यामुळे आमचा कचरा त्या डोंगरावर जात नाही. आमच्याकडील काही मंडळी हे मोठ्या समाधानाने सांगतात. तो दुसऱ्या कुठल्या तरी खड्ड्यात जातो. २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या निवासी संकुलांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा होता. नियम झाले तेव्हा मी सेवेत होतो, आणि ते निवृत्तीनंतर माझ्याच सोसायटीच्या कार्यालयात धूळ खाताना पाहिले. पत्नीने शेवटी बाल्कनीत मातीचे तीन माठ ठेवले. एकात ओला कचरा, त्यावर उद्यानातील वाळलेली पाने, पुन्हा कचरा, पुन्हा पाने. हवा खेळती राहिली तर मिथेन जवळजवळ होत नाही आणि दीड-दोन महिन्यांत खत तयार होते. पहिला माठ बिघडला. पाणी जास्त झाले, अळ्या पडल्या आणि शेजारच्या बाईंनी तीन दिवस आमच्याशी बोलणे सोडले. पाने वाढवल्यावर वास गेला. ती पाने माळी पूर्वी कोपऱ्यात जाळत असे, आता तो पोते भरून वर आणून देतो. आमच्या १६० घरांपैकी ११ घरांत आज असे माठ आहेत. हा आकडा मी मोठा म्हणून सांगत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना यात नवल वाटू नये. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने स्वयंपाकघरातील खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र बनवले आणि २००६ मध्ये त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्याच शहरात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून घरोघरचा कचरा वेगळा करून उचलते आहे. दिल्लीत बैठकांमध्ये आम्ही पुण्याचे दाखले देत असू आणि मग चहा येई.

त्याआधीचाही एक उपाय आहे, अन्न वाया न घालवण्याचा, आणि त्यासाठी मला मराठवाड्यातील स्वयंपाकघरे आठवतात. रात्रीची उरलेली पोळी सकाळी फोडणी देऊन कुस्करून ताटात येई, भाताचा फोडणीचा भात होई. पाहुण्याला ते वाढताना यजमानीण संकोचे आणि मी दुसऱ्यांदा मागून घेई. शेतापासून ताटापर्यंत आलेल्या त्या अन्नात पाणी, खत, डिझेल असे सगळे आधीच खर्च झालेले असते. आमच्या भागातील लग्नसमारंभांत रात्री एक वाजता मंडपामागे जे ओतले जाते, ते पाहिल्यावर माठांची आठवणही काढू नये.

प्रवासाबद्दल थोडक्यात. नोकरीत असताना माझी सरकारी गाडी पोर्चमध्ये इंजिन आणि एसी सुरू ठेवून माझी वाट पाहत असे. ती बंद ठेवायला सांगावे हे मला कधी सुचले नाही. कौशांबीचे मेट्रो स्थानक २०११ मध्ये सुरू झाले, पण त्याचा नियमित वापर मी निवृत्तीनंतरच करू लागलो, कारण तेव्हा गाडी गेली. आता माझे पेट्रोल वर्षाला २२० लिटरवर आले आहे. यात त्यागाचा भाग शून्य, वाहतूक कोंडीचा भाग मोठा.

हा कबुलीजबाब मुद्दाम दिला, कारण वैयक्तिक सद्वर्तनाने जग वाचेल असे मला वाटत नाही. 'कार्बन फूटप्रिंट' हा शब्द सर्वतोमुखी करण्यात एका मोठ्या ब्रिटिश तेल कंपनीच्या जाहिरातींचा हात होता, हे विसरू नये. दोष ग्राहकाच्या पायाशी ढकलला की विहिरीतून तेल उपसणाऱ्याची सुटका होते. दिल्लीत जे खरे बदल मी पाहिले, ते कुणाच्या उपदेशाने झाले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये आदेश दिला, एप्रिल २००१ मध्ये बसथांब्यांवर हाहाकार उडाला आणि २००२ अखेर शहरातील सगळ्या बस सीएनजीवर आल्या. बदरपूरचे कोळशाचे वीज केंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये कायमचे बंद झाले. एलईडी दिव्यांची सरकारी घाऊक खरेदी सुरू झाली तेव्हा दिव्याची किंमत ३१० रुपये होती, दोन-अडीच वर्षांत ती ३८ रुपयांवर आली, आणि ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघरी गेले. लोकांनी पर्यावरणासाठी दिवे बदलले नाहीत. दिवे स्वस्त झाले आणि बिल कमी आले.

तरीही मी दुसऱ्या टोकाला जाणार नाही. १९६५ मध्ये युद्ध आणि धान्यटंचाई यांच्या कात्रीत असताना लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडायला सांगितले. आमच्या घरीही ते पाळले गेल्याचे आई सांगे. मी तेव्हा अगदी लहान होतो. धान्याचा प्रश्न त्या उपवासाने सुटला नाही, तो पुढे नव्या बियाण्यांनी, पाटबंधाऱ्यांनी आणि हमीभावाने सुटला. पण संकट आपले आहे हे त्या रिकाम्या ताटाने घराघरांत समजले, आणि पुढच्या कठोर निर्णयांना त्या समजुतीचा आधार मिळाला असावा असे मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून वाटते. पुरावा मागाल तर देता येणार नाही.

घर आणि सरकार यांच्यामध्ये आणखी एक जागा असते, सोसायटीची सर्वसाधारण सभा. तिथे माझी खरी परीक्षा झाली. पंतप्रधान सूर्यघर योजनेत निवासी संकुलांच्या सामायिक वापरासाठी प्रत्येक किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यांतील दिवे यांसाठी ५० किलोवॅटचा सौर संच बसवावा, असा ठराव मी ऑगस्ट २०२४ मध्ये मांडला. अनुदान नऊ लाख. आमच्याकडील उन्हाचा विचार करता वर्षाला ६५ हजार युनिटांच्या आसपास वीज. मी आकडे पाठ करून गेलो होतो. सर्वांत वरच्या मजल्यावरील रहिवाशांनी गच्ची आमच्या हक्काची आहे म्हणून विरोध केला. एका गृहस्थांनी छत गळेल असे सांगितले, एकांनी माझा कंपनीशी काय संबंध आहे असे विचारले. पस्तीस वर्षे शासकीय सेवा केलेल्या माणसाला हा प्रश्न झोंबतो. मी उत्तरादाखल जरा जास्तच बोललो आणि ठराव पडला.

पुढच्या वर्षी तोच ठराव मी मांडला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी मांडला. आकडा ३० किलोवॅटवर आणला, वरच्या मजल्यावरील लोकांना पॅनेलच्या सावलीमुळे त्यांची छते कमी तापतील हे समजावले आणि गळतीची लेखी हमी करारात घातली. ठराव मंजूर झाला. मी मागच्या रांगेत बसून हात वर केला, एवढेच माझे योगदान.

टोरंटोचा प्रश्न उरतो. नात आता सहा वर्षांची आहे. आम्ही दरवर्षी जाण्याऐवजी एक वर्षाआड जायचे आणि महिन्याऐवजी तीन महिने राहायचे ठरवले. हिशेबात ही सर्वांत मोठी बचत आहे, वर्षाला सरासरी दोन टन, आणि हीच सर्वांत जड. विजेची युनिटे ५,४०० वरून ३,७०० वर आल्याचे मी कुणालाही आनंदाने सांगतो. ज्या वर्षी जायचे नसते, त्या वर्षी व्हिडिओ कॉलवर नातीने "आजोबा, तुम्ही कधी येणार?" असे विचारले की मी हे टनांचे गणित तिला सांगत नाही. पत्नी तर ते मलाही सांगू देत नाही.

मागील फाटकाच्या केबिनवर आम्ही चुन्याचे दोन हात मारले. पांढऱ्या छताने आतले तापमान काही अंशांनी उतरते आणि खर्च किरकोळ येतो. माझ्या दोन युनिटांपैकी एक काढून टाकले, दुसरे इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या भिंतीवर हलवले. या वेळी कारागिराने वायू आधी साठवून घेतला, मी शेजारी उभा होतो. आणखी सात युनिटे हळूहळू हलली. काहींनी खर्चाचे कारण दिले, एकांनी सांगितले की भिंत कुणाच्या मालकीची नसते.

तो बुंदेलखंडातला तरुण आता पुढच्या फाटकावर असतो. मागे नवा मुलगा आला आहे. पत्नीने केबिनमध्ये एक तापमापक टांगला आहे आणि अभ्यागतांच्या नोंदवहीतच, वाहनांच्या क्रमांकांच्या खाली, तो रोज पहाटे दोनचे तापमान लिहून ठेवतो. "आंटीजी, आज चौतीस," असे सकाळी फिरायला निघालेल्या तिला तो फाटकातूनच सांगतो. पाच युनिटे अजून त्या भिंतीवर आहेत.